पायऱ्या कुणाच्या?

अन्यायाची इमारत बघायला जावं का? आणि गेलंच तर कोणत्या नजरेनं बघावं? प्रश्न वरवर फिरस्तीचा वाटेल. पण तो नीतीचा आहे, आणि चळवळीतल्या पोरांनी तो एकदा नीट सोडवून घेतला पाहिजे. कारण आपल्यात दोन बोलणी ऐकू येतात. एकजण म्हणतो, त्यांची देवळं, त्यांचे वाडे, त्यांच्या कचेऱ्या, आपल्याला काय करायचंय? तिकडं फिरकूसुद्धा नये. दुसरा म्हणतो, झालं गेलं, आता इतिहास म्हणून बघा, फोटो काढा आणि घरी या. दोन्ही बोलणी अपुरी आहेत. ती का अपुरी, ते एका खऱ्या इमारतीवरून सांगतो.

इमारत आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी, तिथलं जुनं विधानभवन. तिकडं त्याला कॅपिटॉल म्हणतात. लोक ते बघायला जातात, हिंडतात, फोटो काढतात. लांबची इमारत मुद्दाम घेतली आहे. स्वतःच्या गावच्या वाड्याविषयी बोलताना आपला गळा आधी भरून येतो नाहीतर राग आधी येतो, आणि विचार मागं राहतो. पण ही इमारत तितकी लांबचीही नाही. आपल्या छातीवरच्या बिल्ल्याचा एक धागा तिच्या जवळपासच सुरू होतो. ते पुढं येईल.

माँटगोमेरीत डेक्स्टर अॅव्हेन्यू नावाचा एक रुंद सरळ रस्ता आहे. त्याच्या खालच्या टोकाला कोर्ट स्क्वेअर. त्या चौकात काळ्या माणसांचे लिलाव व्हायचे. बाई, बाप्या, पोर, ज्याची जशी किंमत येईल तशी. वरच्या टोकाला एक टेकडी. तिथं पूर्वी शेळ्या चरायच्या म्हणून तिला गोट हिल म्हणतात. त्या टेकडीवर पांढरी, घुमटाची, खांबांची इमारत उभी आहे. पहिलं विधानभवन डिसेंबर १८४९ मध्ये जळालं. त्याच पायावर १८५१ पर्यंत आताचं बांधून झालं. म्हणजे खालच्या टोकाला माणूस विकायचा, वरच्या टोकाला त्या विक्रीचा कायदा करायचा. मधला रस्ता चालून दहा-पंधरा मिनिटांचा.

आत गेलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतात ते जिने. दोन गोल जिने, वळत वळत तीन मजले वर गेलेले, खाली आधाराचा खांब नाही. बघणारा मान वर करून उभा राहतो. हे जिने बांधण्याचं श्रेय हॉरेस किंग नावाच्या माणसाला देतात. हा कोण? १८०७ साली गुलाम म्हणून जन्मलेला माणूस. पूल बांधण्यात त्याचा हात धरणारा त्या मुलखात कुणी नव्हता. १८४६ साली त्याच्या मालकानं त्याला मोकळं करायचं ठरवलं, तर त्यासाठी अलाबामाच्या विधिमंडळाला खास कायदा करावा लागला. एका माणसाला माणूस म्हणायला एक कायदा! आणि बाकीच्यांचं काय? १८६० च्या शिरगणतीत त्या राज्यात ४ लाख ३५ हजार गुलाम होते. दर शंभर माणसांत पंचेचाळीस.

इथं पहिला मुद्दा थांबून बघण्यासारखा आहे. व्यवस्था एखाद्याला वर घेते ती का? आपल्या लोकांच्या बाबतीतही हे होतं. गावात एक शिकलेला, एक हुशार, एक ‘आपला बरा’ महार किंवा मांग मालकाच्या ओट्यापर्यंत चालतो. मग त्याचाच दाखला बाकीच्यांच्या तोंडावर फेकला जातो. बघा, याला नाही का मिळालं? तुमच्यातच काही नाही. किंगच्या जिन्याचं कौतुक करताना हाच धोका असतो. जिना इतका सुंदर की बघणाऱ्याला वाटावं, एवढी कला करू दिली म्हणजे तितकं वाईट नसावं. उलटं आहे. त्याची कला त्याला सोडवायला पुरेशी ठरली, म्हणून ज्यांच्याकडं कला नव्हती त्यांचं गुलाम असणं रास्त ठरलं नाही. माणूसपण ही हुशारीची बक्षिशी नाही.

आणि किंग सोपा माणूसही नाही. त्याचा जुना मालक १८५९ साली वारला, तर किंगनं स्वतःच्या पैशानं त्याच्या थडग्यावर दगड उभारला आणि त्यावर कृतज्ञता कोरून घेतली. आपल्यातला तरुण हे वाचून म्हणेल, गुलामी मनात मुरलेली! घाई करू नका. ज्याला कायद्यानं एकाच माणसानं सोडवलं, त्यानं त्या माणसाविषयी काय वाटून घ्यावं हे आपण दीडशेहून जास्त वर्षांनी ठरवायचं नाही. आपण ठरवायचं ते एवढंच, की त्या कृतज्ञतेचा कागद व्यवस्थेच्या बाजूनं पुरावा म्हणून वापरू द्यायचा का? नाही. कृतज्ञता त्या माणसाची खाजगी, गुलामी सगळ्यांची सार्वजनिक.

तोच किंग युद्धानंतर १८६८ पासून त्या राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून आलेला सभासद होता. आपणच बांधलेल्या जिन्यानं तो सभासद म्हणून वर गेला असेल. गोष्ट इथं संपवली तर फार गोड होते. पण ती इथं संपत नाही.

आता पश्चिमेच्या दाराबाहेर, खांबांच्या ओसरीवर या. फरशीत एक पितळी तारा बसवलेला आहे. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी जेफर्सन डेव्हिसनं इथं उभं राहून कॉन्फेडरसीच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. गुलामी टिकवण्यासाठी जी राज्यं फुटून निघाली त्यांचं सरकार याच इमारतीत स्थापन झालं. तो तारा त्या जागेची खूण.

पण तारीख बघा. तारा १८६१ चा नाही. तो १८९७ साली बसवला. युद्ध हरून तीस वर्षं उलटल्यावर कॉन्फेडरेट घराण्यांतल्या बायकांच्या संघटनेनं तो बसवला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९०१ साली, माँटगोमेरीत नवी राज्यघटना करायला परिषद भरली. तिच्या अध्यक्षानं आडपडदा न ठेवता सांगितलं, की आपल्याला गोऱ्यांचं वर्चस्व कायद्यानं पक्कं करायचं आहे. मतदानाला पट्टी लावली, लिहिता-वाचता येण्याची परीक्षा लावली, मालमत्तेची अट लावली. १९०० साली राज्यात मतदानाच्या वयाचे सुमारे १ लाख ८० हजार काळे पुरुष होते. १९०३ पर्यंत त्यांतले मतदारयादीत उरले तीन हजारांच्या आत. किंगचा जिना होता तिथंच होता. त्यावरून चढणारी त्याची माणसं पुसून टाकली होती.

म्हणजे ज्याला आपण ‘जुनी आठवण’ म्हणतो ती बहुतेक वेळा जुनी नसते. ती नंतर, ठरवून, एका कामासाठी बसवलेली असते. तारा १८९७ चा. आवारातला डेव्हिसचा पुतळा १९४० चा. घुमटाखाली आठ मोठी चित्रं आहेत, ती १९३० ची. त्यातल्या एकात डेव्हिसचा शपथविधी आहे, आणि एकात गुलामीच्या काळातलं श्रीमंतांचं जगणं सोन्याचा काळ म्हणून रंगवलंय. ते सोनं कुणाच्या घामाचं, हे त्या चित्राच्या नावात नाही. ही चित्रं काढणारा रॉडरिक मॅकेन्झी त्याआधी हिंदुस्थानात येऊन गेला होता. १९०३ चा दिल्ली दरबार त्यानं रंगवलाय. हत्ती, अंबाऱ्या, राजे. त्याच हातानं नंतर अलाबामाचा सुवर्णकाळ रंगवला. दरबार कुठलाही असो, चित्रात शेण काढणारा दिसत नाही.

आवारात आणखी एक पुतळा आहे. जे. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरचा, १९३९ चा. बायकांच्या शस्त्रक्रियेत त्याचं नाव मोठं. त्यानं १८४० च्या दशकात ह्याच शहरात ती शस्त्रक्रिया शिकून घेतली ती गुलाम बायकांच्या देहावर, भूल न देता, पुन्हा पुन्हा. त्यातल्या तिघींची नावं राहिली आहेत: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. पुतळा डॉक्टरचा. २०२१ साली मिशेल ब्राउडर या कलावंत बाईनं त्याच शहरात ह्या तिघींचे मोठाले लोखंडी पुतळे उभे केले. परवानगी मागायला विधानभवनाच्या दारात गेली नाही. स्वतःच्या जागेवर उभे केले.

आता खरा प्रश्न. हा तारा, हे पुतळे, ही चित्रं ठेवायची की काढायची?

सोपं उत्तर आहे, फोडा. दुसरं सोपं उत्तर आहे, इतिहास आहे, राहू द्या. माझं म्हणणं असं, की आधी एक फरक करायला शिका. साक्ष वेगळी आणि सन्मान वेगळा. खुनाचा सुरा कोर्टात जपून ठेवतात ती साक्ष. तोच सुरा देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू लावलं तर तो सन्मान. सुरा एकच. म्हणून वस्तूला विचारून उपयोग नाही. ती कुणी ठेवली, केव्हा ठेवली, कुठं ठेवली आणि तिच्याविषयी आज काय सांगितलं जातं, हे विचारायचं. तारा डेव्हिसच्या गौरवासाठी बसवला, म्हणून तो जन्मतः सन्मान आहे. त्याला साक्ष करायची असेल तर त्याच्या शेजारी १९०१ ची गोष्ट सांगावी लागेल, लिलावाचा चौक सांगावा लागेल. नुसता राहू दिला तर तो सन्मानच राहतो. गप्प बसणं म्हणजे मध्ये उभं राहणं नव्हे.

यावर एक शंका येईल, आणि ती खरी आहे. साक्ष म्हणून ठेवायचं असं म्हणत म्हणत सन्मानच कायम ठेवण्याची ही पळवाट नाही का? आहे. अलाबामानं तेच केलं. २०१७ साली कायदा केला की चाळीस वर्षांहून जुनी सार्वजनिक स्मारकं हलवायची नाहीत. जे लोक शंभर वर्षं स्मारकं उभारत होते त्यांनीच आता इतिहास जपायचा कायदा केला! म्हणून साक्ष की सन्मान, हे ठरवण्याचा हक्क ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हातात असल्याशिवाय हा फरक कागदावरच राहतो. आरोपीनं पुरावा सांभाळायचा नसतो.

आता दुसरी बाजू. ह्याच पायऱ्यांच्या खाली, रस्त्यावर, २५ मार्च १९६५ ला काय झालं ते ऐका.

विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर विटांचं एक चर्च आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ पासून तिथं धर्मोपदेशक होते. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्सनं बसमधली जागा सोडली नाही आणि ३८१ दिवसांचा बसबहिष्कार त्या शहरानं चालवला. पायी. मोलकरणी, हमाल, शिक्षक, सगळे पायी. जानेवारी १९६३ मध्ये जॉर्ज वॉलेस गव्हर्नर झाला. डेव्हिस उभा होता त्याच जागी उभं राहून त्यानं काळे-गोरे कायम वेगळे राहतील अशी घोषणा केली. बघा तारा कसा कामाला येतो. मेलेला माणूस शपथ घेत नाही. पण त्याच्या जागेवर जिवंत माणूस उभा राहतो.

मार्च १९६५ मध्ये सेल्मा गावाहून मताच्या हक्कासाठी मोर्चा निघाला. ७ तारखेला पुलावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवून तो फोडला. २१ ला पुन्हा निघाला. सुमारे ८७ किलोमीटर चालून २५ तारखेला तो डेक्स्टर अॅव्हेन्यूवरून वर आला तेव्हा पंचवीस हजार माणूस होतं. लिलावाच्या चौकातून विधानभवनाकडं. पण किंगचं भाषण झालं ते रस्त्यावर, पायऱ्यांच्या खाली. पायऱ्या पोलिसांच्या. निवेदन घ्यायला गव्हर्नर त्या दिवशी बाहेर आला नाही. त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लियुझो या गोऱ्या बाईला क्लॅनच्या लोकांनी गोळ्या घातल्या. आणि ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्काचा कायदा झाला.

लियुझो मेली ती लाउंड्स परगण्यात. सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मधला मुलूख. शंभरात ऐंशी माणसं काळी, आणि १९६५ सुरू झालं तेव्हा मतदारयादीत एकही काळा नव्हता. मोर्चा निघून गेल्यावर काही कार्यकर्ते तिथंच थांबले, आणि त्या खेडूतांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात अनेकांना वाचता येत नाही म्हणून मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं. आपल्याकडंही तसंच, फेडरेशनच्या हत्तीवर मत टाकणारी आपली म्हातारी माणसं आठवा. तिथल्या गोऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. लाउंड्सच्या लोकांनी चिन्ह घेतलं काळा पँथर. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडच्या तरुणांनी ते नाव उचललं. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा ते नाव तिथून आलं. नामदेव, राजा, ज. वि. यांच्या बैठकांच्या मागं अलाबामातली कापूस वेचणारी, घरातून हाकललेली, तंबूत राहिलेली माणसं उभी आहेत. म्हणून म्हटलं, ही इमारत लांबची नाही. तिच्या पायऱ्यांवर जे अडवले गेले त्यांच्याशी आपलं नातं आहे.

आता परत पहिल्या प्रश्नाकडं. अशा इमारतीत जावं का?

बाबासाहेबांनी १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह केला. पुढं १९३५ ला येवल्यात त्यांनी त्या धर्माकडंच पाठ फिरवायचं जाहीर केलं. ते बरोबर होतं. देवळाकडं पाठ फिरवता येते. देवाला सोडलं की देव घरी येत नाही. पण विधानभवनाकडं पाठ फिरवली तर काय होतं? तिथला कायदा आपल्या मागं घरी येतो. पट्टी मागतो, यादीतून नाव काढतो, पोरीला शाळेतून परत पाठवतो. अलाबामाच्या काळ्यांनी साठ-सत्तर वर्षं ते विधानभवन बाहेरून बघितलं, आणि त्या साठ-सत्तर वर्षांत त्या विधानभवनानं त्यांना एक दिवस सोडलं नाही. म्हणून ‘त्यांच्या कचेऱ्यांशी आपल्याला काय करायचंय’ हे बोलणं स्वाभिमानाचं वाटतं, पण ते परवडणारं नाही. चवदार तळ्याचं पाणी प्यायलो ते तहानेसाठी नव्हे, तळं सगळ्यांचं आहे हे ठरवण्यासाठी. राज्याची इमारत तर तळ्याहून जास्त सगळ्यांची.

मग आत गेलं की झालं का? नाही. हे दुसऱ्या बोलण्याला उत्तर. २ फेब्रुवारी १९८८ ला त्याच राज्याचे चौदा काळे आमदार घुमटावरचा कॉन्फेडरेट झेंडा काढायला कुंपणावर चढू लागले. वॉलेसनं १९६३ मध्ये वर चढवलेला झेंडा. त्यांना अटक झाली. निवडून आलेले आमदार, त्याच विधिमंडळाचे, आणि त्याच इमारतीचं कुंपण ओलांडलं म्हणून अटक! सभागृहात खुर्ची होती, घुमटावर हक्क नव्हता. झेंडा पुढं १९९३ मध्ये कोर्टाच्या निकालानं कायमचा उतरला. आवारातल्या स्मारकापाशी फडकत होते ते २०१५ मध्ये उतरले, आणि तेसुद्धा चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळी माणसं मारली गेल्यावर. १९०१ च्या घटनेतली वंशभेदाची भाषा २०२२ साली मतदारांच्या कौलानं निघाली. त्याआधी २००४ आणि २०१२ मध्ये तसा प्रयत्न फसला होता. आणि मधल्या काळात, २०१३ साली, अलाबामातल्याच एका परगण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६५ च्या कायद्याचा मोठा दात काढून घेतला. भाषा गेली तरी दात गेलेला. आपण कशावर खूष व्हायचं?

२०२५ मध्ये त्या आवारात रोझा पार्क्सचा पुतळा बसला. चांगलं झालं. पण डेव्हिसचाही तिथंच आहे. बघणाऱ्याला वाटतं, बघा, दोन्ही बाजूंचा मान राखला. इथंच सावध राहा. शपथ गुलामी राखायची आणि चालणं ती मोडायचं, या दोन बाजू नाहीत. गुन्हा आणि फिर्याद एका ओळीत मांडून दोघांना सारखा नमस्कार करणं याला न्याय म्हणत नाहीत.

हा फरक आपल्या अंगणात लावून बघा. जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा आहे. तो मनूच्या काळातला नाही, पेशवाईतला नाही. १९८९ साली बसवलेला, राज्यघटना येऊन चाळीस वर्षं होत आल्यावर. तिथल्या न्यायमूर्तींनी त्याच वर्षी तो हलवायचा ठराव केला, त्याला स्थगिती मिळाली. माँटगोमेरीच्या ताऱ्यासारखंच. नंतर, ठरवून, गौरवासाठी. ही साक्ष आहे की सन्मान? उत्तर द्यायला फार शिकावं लागत नाही. ज्या दारात न्याय मागायला जायचं त्या दारात आधी मनूच्या समोरून जावं लागतं.

तेव्हा मित्रांनो, जा. विधानभवन बघा, कोर्ट बघा, वाडा बघा, किल्ला बघा. पाहुणे म्हणून जाऊ नका आणि चोरासारखेही जाऊ नका. वारस म्हणून जा. दगड कुणी घडवला ते विचारा. दार कुणाला बंद होतं ते विचारा. नावाची पाटी कुणी लावली, कोणत्या साली लावली ते विचारा. दाखवणारा काय गाळतो ते ऐका. जिना सुंदर असेल तर सुंदर म्हणा, तो आपल्याच माणसानं बांधला असण्याची शक्यता जास्त. पण सुंदर म्हटल्यावर पुढचा प्रश्न गिळू नका. परत आल्यावर वस्तीतल्या पोरांना नुसता फोटो दाखवू नका, तारखा सांगा. १८५१, १८९७, १९०१, १९६५, १९८८. तारखा ओळीनं लावल्या की इमारत बोलायला लागते.

पायऱ्या कुणाच्या? बांधणाऱ्याच्या म्हणावं तर त्याच्या पोरांना १९०१ मध्ये हाकललं. शपथ घेणाऱ्याच्या म्हणावं तर तो हरला. एकदा चढून गेलेल्याच्या म्हणावं तर त्याला उतरवता येतं, हे हॉरेस किंगनंतरच्या तीस वर्षांनी दाखवलं. पायऱ्या त्यांच्या, जे चढल्यावर मागच्यासाठी दार धरून ठेवतात, आणि कुणी दार लोटायला आलं तर पुन्हा रस्त्यावर उतरायची तयारी ठेवतात.

जय भीम.